चॅप्लेनला मराठीत काय म्हणायचं?

आज सकाळी हौगांगच्या आमच्या फ्लॅटमधली स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि लगेच बंद केली. ओली लाकडं पेटवल्यावर येतो तसा, घशात जाऊन बसणारा वास. समोरचा ब्लॉक दिसत होता, त्याच्या मागचा दिसत नव्हता. सूर्याकडे सरळ डोळे उघडे ठेवून बघता येत होतं, इतका तो निस्तेज होता. लेक डब्याची पिशवी भरता भरता म्हणाली, "हेझ अगेन, लाह. पीई कॅन्सल." खेळाचा तास बुडणार म्हणून तिला आनंद झाला होता. मी कपाटातून मास्क काढून दिले आणि चहा उकळून जाईपर्यंत तशीच उभी राहिले.

समुद्रापलीकडे कुठेतरी जंगलं आणि दलदली जळतात आणि वारा फिरला की तो धूर या बेटावर येऊन बसतो. इथे उन्हाळा-पावसाळा असा फरक नाहीच. बारा महिने तोच उकाडा आणि तीच दुपारची सर. म्हणून मी आपली धुरालाच ऋतू मानते. काही वर्षं येतो, काही वर्षं वाट चुकतो. आला की चिनी लोकांचा सातवा महिना बहुधा आसपास असतो. ब्लॉकखाली पत्र्याच्या पिंपांत पितरांसाठी कागद जाळतात, फुटपाथच्या कडेला उदबत्त्या आणि संत्री मांडलेली असतात. वरून एक धूर, खालून एक धूर. आणि तो आला की मला आयसीयूतली अकरा नंबरची खाट आठवते. इतर वेळी आठवत नाही असं नाही, पण या दिवसांत टाळता येत नाही.

मी आयसीयूत नर्स आहे. इथल्या आपल्या मराठी मंडळींत हे जरा विचित्रच वाटतं. गणपतीच्या कार्यक्रमात नवी ओळख झाली की पहिला प्रश्न, "कुठल्या बँकेत?" मी "आयसीयूत" म्हटलं की समोरचा क्षणभर ही कुठली बँक म्हणून विचार करतो. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो, चेहरा उतरतो, "बापरे, कसं करता हो तुम्ही हे" असं म्हणून तो मोदकांच्या दिशेने सरकतो. मला राग येत नाही. कारण आम्ही स्वतः हेच एका माणसाच्या बाबतीत वर्षानुवर्षं करत होतो.

त्यांचं नाव मिस्टर लिम. ते आमचे चॅप्लेन होते. चॅप्लेन म्हणजे हॉस्पिटलने नेमलेला असा माणूस, जो औषध देत नाही, सुई टोचत नाही, फक्त पेशंटजवळ आणि त्याच्या माणसांजवळ बसतो. पेशंट कुठल्याही धर्माचा असो किंवा कुठल्याच नसो. प्रार्थना हवी असेल तर करायची, नको असेल तर नाही. लिम पूर्वी शाळेत गणित शिकवायचे. बारीक अंगाचे, पायात रबरी तळाचे बूट, खिशात एक छोटी वही. येताना त्यांच्या पावलांचा आवाज येत नसे, आणि तेही आम्हाला आवडत नसे.

खरं सांगायचं तर आम्हाला ते वॉर्डात नकोच असायचे. उघड कोणी बोलत नसे. उलट सगळे "गुड मॉर्निंग, मिस्टर लिम" म्हणायचे. पण ते दारातून आत आले की नजरा आपोआप बोर्डावर जायच्या, आज कुणाची पाळी म्हणून. वॉर्डातल्या नर्स पोरींनी त्यांना नाव ठेवलं होतं, 'लास्ट बस'. "एह, लास्ट बस कम ऑलरेडी," असं एकजण कुजबुजायची आणि दुसरी खालमानेने हसायची. आमच्या इन्चार्ज सिस्टर गोह पंचवीस वर्षं या कामात मुरलेल्या, विज्ञान सोडून काही न बोलणाऱ्या. पण पितरांच्या त्या सातव्या महिन्यात लिमना बोलवायचं म्हटलं की त्याही फोनपाशी घुटमळायच्या. "सेव्हन्थ मंथ, डोन्ट एनीहाऊ कॉल," म्हणायच्या, म्हणजे उगाच बोलावू नका. डॉक्टरांची तऱ्हा वेगळीच. मशीन काढायला नातेवाईक तयार होत नसले की त्यांना लिमची आठवण यायची, जणू हा माणूस नातेवाइकांची सही आणून देणार आहे. आणि एखादा पेशंट बरा होऊन खालच्या वॉर्डात गेला, तर त्या आनंदात लिमना कुणी बोलावल्याचं मला आठवत नाही.

मीही त्यातलीच. खुर्ची ठेवायला जागा नाही, डायलिसिसचं मशीन आणायचं आहे, जरा बाहेर थांबता का, असं मी त्यांना किती वेळा म्हटलं असेल. ते लगेच उठायचे. त्यांच्या उठण्यात कधी नाराजी नसे, आणि त्यामुळे आपलं चुकलंय असं वाटायलाही जागा नसे.

त्या धुराच्या मोसमात अकरा नंबरला काका आले. क्वीन्सटाउनला त्यांचा मुलगा एका जुन्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होता, तुआसला एका कारखान्यात इंजिनिअर होता. तो कसा राहतो, काय खातो हे बघायला आईवडील दोन महिन्यांसाठी कऱ्हाडहून आले होते. काकांची फुफ्फुसं आधीच अधू, त्यात हा धूर. खोकला, मग ताप, मग अँब्युलन्स, मग व्हेंटिलेटर. आठवड्याभरात सगळं झालं.

काकूंना इंग्रजी येत नव्हतं. हिंदी येत होतं, पण ते भाजीवाल्याशी बोलण्यापुरतं. माझी ड्यूटी लागली त्या पहिल्या दिवशी मी "काकू, चहा घेतलात का?" असं विचारलं आणि त्यांनी माझा हातच धरला. नंतर मला कळलं की त्याआधीच्या तीन दिवसांत त्या मुलाखेरीज कुणाशी एक वाक्यही बोलल्या नव्हत्या. "बाळ, तू आमच्याकडचीच का गं?" म्हणाल्या. मी साताऱ्याची म्हटल्यावर त्या रडल्या. दोन गावांमधलं अंतर तासाभराचं, आणि ओळख आयसीयूत.

मग मी त्यांची दुभाषी झाले. माझी ड्यूटी अकरा नंबरला नसली तरी डॉक्टर मला बोलवायचे. रक्तदाब, किडनी, ऑक्सिजन हे सगळं मी मराठीत करून सांगायची आणि सांगताना टोकं घासून गुळगुळीत करायची. "व्हेरी सिक" म्हटलं की मी म्हणायची, "जरा जड जातंय काकांना." "मे नॉट सर्व्हाइव्ह" म्हटलं की मी म्हणायची, "डॉक्टर म्हणतायत, सगळं देवाच्या हातात आहे." आपल्याकडे वाईट बोलायची पद्धतच नाही ना. वास्तू तथास्तु म्हणते, असं लहानपणापासून ऐकलेलं. 'शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली', यातला नाऱ्या व्हायला कोण तयार होईल? आणि काकू तरी कुठे मागत होत्या स्पष्ट उत्तर. आम्ही दोघी मिळून शुभ बोलत होतो.

मुलाला मात्र डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं. हृदय थांबलं तर छाती दाबायची नाही हे त्याच्याशी ठरलं होतं. त्याची रजा संपली होती. तो रोज तुआसहून सुटला की तडक यायचा, डोळे धुराने की कशाने लाल झालेले.

त्याच आठवड्यात एका दुपारी, मुलगा कामावर असताना, डॉक्टरांनी काकूंना बाजूच्या छोट्या खोलीत बसवलं. तिथे एक सोफा, एक टेबल आणि टिश्यूचा डबा. टिश्यूचा डबा बघितला की मला कळतं, आता काय बोलणं होणार. डॉक्टर चांगले होते, तरुण होते. म्हणाले, "ही एकटी दिसते. हिला विचार, आपल्या चॅप्लेनना भेटायला आवडेल का. धर्माचं काही नाही, फक्त आधाराला."

आणि मी अडले. चॅप्लेनला मराठीत काय म्हणायचं?

मी मिरजेला शिकले, तिथे मिशनचे लोक येत, त्यांना आम्ही पाद्री म्हणायचो. पाद्री म्हटलं तर काकूंना वाटायचं, आता बाटवतात की काय. धर्मगुरू म्हटलं तर वर्तमानपत्रातल्या बातमीसारखं वाटलं असतं. हे सगळं दोन सेकंदांत डोक्यातून गेलं. काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या, डॉक्टर घड्याळाकडे. मी म्हणाले, "काकू, डॉक्टर विचारतायत, भटजींना बोलवायचं का?"

तो शब्द तोंडातून बाहेर पडला आणि मला कळलं काय झालं ते. काकूंचा चेहरा पांढरा पडला. हॉस्पिटलात, खाटेपाशी, भटजी. आपल्याकडे त्याचा अर्थ एकच होतो.

"झालं का गं सगळं?" त्यांनी विचारलं.

"नाही नाही, काकू. तसं नाही."

"मग भटजी कशाला? श्वास चाललाय ना त्यांचा?" त्या उठून उभ्या राहिल्या. "शुभ बोलावं गं बाळ. तू तरी."

मी डॉक्टरांना सांगितलं, "शी डझन्ट वॉन्ट." तेवढंच. माझ्या शब्दाने घोटाळा केलाय, एक मिनिट थांबा, मी नीट समजावते, असं म्हणायला हवं होतं. पण मला त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं. संध्याकाळपर्यंत फाइलमध्ये एक ओळ आली: कुटुंबाने चॅप्लेनला नकार दिला आहे. फाइलीत आलेलं वाक्य आमच्याकडे काळ्या दगडावरची रेघ. नको म्हटलंय तिथे लिमनी जायचं नाही, हा नियम, आणि ते नियम पाळणारे गृहस्थ होते.

तरी ते रोज वॉर्डात यायचे. दहा नंबरला एक म्हातारी चिनी बाई होती, तिच्याजवळ बसायचे. जाता-येता अकरा नंबरच्या काचेबाहेर क्षणभर थांबून काकूंना मान लववायचे. काकू हात जोडायच्या. तिसऱ्या दिवशी काकूंनी मला विचारलं, "ते कोण गं, रोज येतात? किती शांतपणे बसतात त्या म्हातारीपाशी. गृहस्थ चांगला दिसतो."

ही दुसरी संधी होती. मी म्हणायला हवं होतं, काकू, तेच ते. भटजी नाहीत, भलतंच काही नाही. पण तसं सांगायचं तर माझी चूक सांगावी लागली असती, आणि पुन्हा तो विषय, पुन्हा तो पांढरा चेहरा. मी काकांच्या सलाइनची नळी सरळ करत म्हणाले, "असेच, इथलेच आहेत एक." काकू "बरं" म्हणाल्या. लिम काचेपलीकडून गेले.

त्या दिवसांचं मला बारीकसारीक आठवतं. आमच्या खिडक्या उघडत नाहीत, तरी भेटायला येणाऱ्यांच्या कपड्यांबरोबर धूर आत यायचा. हाताला चोळायच्या स्पिरिटचा वास आणि वर तो जळका वास. काचेतून दिसणारा पिवळट उजेड, त्यामुळे सकाळ आणि दुपार सारखीच. काकूंच्या पदराला गाठ मारलेली असायची, कशाची ते मी विचारलं नाही. व्हेंटिलेटरचा फुस्स आवाज आणि त्या तालावर काकूंचं काहीतरी पुटपुटणं. मला वाटायचं, जप करतायत.

तो दिवस असाच होता. माझ्याकडे अकरा आणि बारा, दोन्ही खाटा होत्या. दुपारी तीनच्या सुमाराला बारा नंबरचा पेशंट एकदम बिघडला. मी तिकडे धावत होते तेव्हा काकूंनी माझी बाही पकडली.

"जरा सोबतीला बस ना गं," त्या म्हणाल्या. "मला आज कसंतरीच वाटतंय."

"पाच मिनिटांत आले, काकू."

काकांचा रक्तदाब उतरत चालला होता हे मला दिसलं होतं. मी शेजारच्या नर्सला अकराकडे बघायला सांगितलं आणि बारा नंबरला गेले. तिथे तोंडात नळी घालणं, औषधं, एक्सरे. पाच मिनिटांचा आमच्याकडे काही अर्थ नसतो. मी परत आले तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती. अकराचा पडदा ओढलेला होता आणि मॉनिटर बंद केलेला. नर्स आणि डॉक्टर येऊन जे करायचं ते करून गेले होते, नियमाप्रमाणे, व्यवस्थित. मुलगा तुआसहून टॅक्सीत बसला होता. काकू खुर्चीवर होत्या, काकांचा हात हातात.

"ते लोक आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी म्हणाले," काकू म्हणाल्या. "मला काही कळलं नाही. बोलायला कुणीच नव्हतं, म्हणून मी आपली ह्यांच्याशीच बोलत बसले होते. गच्ची गळते ना आमची, घरी गेल्यावर बघायला हवी म्हणून सांगत होते. ते मधेच कधी गेले, कळलंच नाही गं."

पडदा बाजूला करून मी बाहेर पाहिलं. दहा नंबरच्या बाहेर, भिंतीला लावलेल्या खुर्चीवर लिम बसले होते. दहा पावलांवर. त्यांना सगळं दिसलं होतं. वही मांडीवर, हात वहीवर, आणि फाइलीत माझी ती ओळ.

मी त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये रडले. मास्क होता, कुणाला कळलं नाही. तेव्हा स्वतःला सांगत होते, बारा नंबर वाचला. तो वाचला हे खरंच आहे. पण त्याने काकूंचं काही होत नव्हतं, आणि माझंही.

लिमना हे सांगायला मला दोन वर्षं लागली. ते निवृत्त होणार होते, शेवटचा आठवडा. कॅन्टीनमध्ये ते एकटेच कोपी, म्हणजे इथली कॉफी, पीत होते. त्यांच्या टेबलावर सहसा कुणी बसत नसे. मी बसले आणि अकरा नंबरचं सगळं सांगून टाकलं, भटजीसकट. रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुम्ही मला काय म्हणता ते मला माहीत आहे, सिस्टर," ते त्यांच्या इंग्रजीत म्हणाले. "लास्ट बस. शेवटची बसही यावीच लागते, लाह. नाहीतर माणूस घरी कसा जाणार?" मग त्यांनी विचारलं, "मग बरोबर शब्द कुठला होता?"

"आमच्या भाषेत शब्दच नाही," मी म्हणाले.

"त्या आंटीने त्या दिवशी तुझ्याकडे काय मागितलं?"

मी सांगितलं, सोबतीला बस म्हणाल्या. सोबत म्हणजे काय, त्यांनी विचारलं. मी समजावू लागले. कुणी घरात एकटं असलं, घाबरलेलं असलं, की शेजारचं कुणीतरी जाऊन बसतं. काही करायचं नसतं. बोललंच पाहिजे असंही नसतं. कुठल्या जातीचं, कुठल्या देवाचं, कुणी विचारत नाही. फक्त माणूस असावा लागतो. मी बोलत होते आणि बोलता बोलता माझा आवाज बारीक होत गेला.

लिमनी कोपीचा कप बाजूला ठेवला. खिशातली वही काढून त्यांनी माझ्यापुढे सरकवली. मी इंग्रजी अक्षरांत तो शब्द लिहून दिला. "सो-बत," त्यांनी वाचलं आणि वही मिटली.

काकूंना सोबतीला कुणी हवं का, एवढं विचारायचं होतं. त्या हो म्हणाल्या असत्या. त्या तर आपणहून मागत होत्या, तोच शब्द वापरून, आणि मी साताऱ्याची मुलगी तो शब्द डिक्शनरीत शोधत होते.

आता लिमच्या जागी एक तरुण बाई आली आहे. तिच्यासाठीही पोरींनी नवं नाव शोधलंय, मी ते विचारत नाही. मी तिला माझ्या पेशंटच्या पहिल्याच दिवशी बोलावते, बरा होणारा असो की नसो. सिस्टर गोह निवृत्त होऊन जाण्यापूर्वी एकदा म्हणाल्या, "यू कॉल टू अर्ली." मी तरी बोलावतेच. मराठी पेशंट मात्र त्यानंतर एकही आला नाही. शब्द हाताशी आहे आणि तो ज्याला कळेल असं कुणी खाटेपाशी नाही.

काकू दर दिवाळीला पणत्यांचं चित्र पाठवतात. मी हात जोडल्याचं पाठवते. बोलणं असं झालंच नव्हतं. आज सुट्टी होती. लेक शाळेत गेली, खिडक्या बंद, पंखा चालू, आणि धूर तरीही घरात. मला वाटलं, आता सांगून टाकावं. भटजी ही माझी चूक होती, काकू. तो काचेबाहेरचा चांगला गृहस्थ तुमच्याजवळ बसायला तयार होता. मी पाच मिनिटांत येते म्हणाले आणि आले नाही. हे तुम्हाला माहीत असायला हवं. वाक्यं मनाशी जुळवून मी फोन लावला.

काकूंचा आवाज थकलेला होता, पण मला ओळखल्यावर उजळला. लेकीची चौकशी झाली. मुलाने लग्न केलंय. गच्ची दुरुस्त केली, गळती थांबली.

"काकू, मला त्या दिवसाचं एक सांगायचं होतं," मी म्हणाले.

"सांग ना. मी तर रोज आठवते," काकू म्हणाल्या. "तू होतीस म्हणून गं. ते गेले तेव्हा माझा हात धरून बसली होतीस, एक क्षण हलली नाहीस. मी इथे सगळ्यांना सांगते, परक्या मुलखात आपल्या भाषेची पोर होती माझ्या सोबतीला. नाहीतर मी एकटी काय केलं असतं?"

समोरचा ब्लॉकही आता दिसेनासा झाला होता. जुळवलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. काकू पलीकडे वाट बघत होत्या.

"हो काकू," मी म्हणाले, "होते मी."